मणका नऊ, उभा छेद

शिरीष खटावकरचं नाव त्या शोधनिबंधातून वगळण्यात आलं, आणि तेही त्याच्याच लेखी विनंतीवरून. निबंध दक्षिण अमेरिकेतल्या एका लांब मानेच्या डायनोसॉरवर होता; झाडपाला खाणारा, चार पायांवर चालणारा, सात कोटी वर्षांपूर्वी आपलं आटोपून गेलेला प्राणी. छापून आला तेव्हा त्यात मणक्यांची लांबी होती, रुंदी होती, पोकळ्यांचे आकडे होते, खटावकर नव्हता. आता हे झालंच नाही असं धरून आपण चालू. शिरीष स्वतः तसंच धरून चालला होता, आणि त्याचं त्याला चालत असेल तर मध्ये बोलणारे आपण कोण. तेव्हा काहीही झालेलं नाही. साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर, जून महिना, शनिवारची सकाळ, आणि शिरीष बहरीनमधल्या मुहर्रकच्या बाजारात रहिमतुल्ला न्हाव्याच्या खुर्चीत मान मागे टाकून बसला आहे.

एरवी तो घरीच दाढी करायचा, आठवड्यातून तीनदा, ऑफिसात कुणी बघत नाही याची खात्री असलेला माणूस करतो तशी. पण आज पाहुणा होता. पाहुणा गुरुवारी दुपारी विमानाने उतरला होता, कंपनीच्या मालाबरोबर सुटला होता आणि सखीरच्या वाळवंटातल्या शेडमध्ये पोचून शुक्रवारची सुटी एकट्याने काढून बसला होता. सात कोटी वर्षांनी कुणी येतं तर आपण निदान गुळगुळीत असावं, असं शिरीषला वाटलं. हेमाने, म्हणजे त्याच्या बायकोने, शर्टाला इस्त्री करून दिली होती आणि कारण विचारलं नव्हतं. रहिमतुल्लाने विचारलं. "आज क्या है साब, शादी?" "मेहमान है." "कहाँ से?" "अर्जेंटिना." रहिमतुल्लाच्या रेडिओवर दहा दिवस अर्जेंटिनाखेरीज दुसरं काही नव्हतं, त्याने वस्तरा थांबवला. "फुटबॉलवाला?" "उससे थोडा पुराना," शिरीष म्हणाला. मग रहिमतुल्लाने खोबरेल चोळलेले दोन्ही हात त्याच्या हनुवटीला आणि डोक्याला लावले आणि काही सांगायच्या आत मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवली. कटक. कटक. कानामागून एक गरम मुंगी खांद्यापर्यंत गेली आणि क्षणभर आरशातला माणूस त्याच्यापेक्षा इंचभर उंच वाटला. पुढे हा क्षण त्याला पुन्हा पुन्हा आठवायचा, कारण घड्याळ लावून पाहिलं तर तिकडे सखीरला गुंडूने करवत चालू केली ती याच सुमारास.

शिरीषचं काम काय होतं हे सांगायला वेळ लागत नाही, त्यामुळे तो सहसा सांगत नसे. तेलासाठी विहीर खणताना जमिनीच्या पोटातून दगडाची जी लांब नळकांडी बाहेर काढतात तिला कोअर म्हणतात. कंपनीच्या सगळ्या विहिरींची सगळी कोअर एका पत्र्याच्या शेडमध्ये, लाकडी पेट्यांतून, फळ्यांवर, खोलीप्रमाणे लावून ठेवायची, आणि त्या शेडचा इनचार्ज शिरीष. पुण्याला त्याने एम.एस्सी. केलं होतं, मग जबलपूरकडच्या लांब मानेच्या प्राण्यांच्या शेपट्यांवर तीन वर्षं पीएच.डी.ही केली होती. पीएच.डी. पूर्ण झाली नाही, शेपट्या मात्र पूर्ण झाल्या. त्या अजून विभागाच्या तळघरात गोणपाटाखाली असतील. स्कॉलरशिप संपली, गाइड निवृत्त झाले, आणि बरोबर शिकलेल्या विवेकने इकडे बोलावून घेतलं. "अरे दगडच आहेत इथेपण," तो म्हणाला होता, "फक्त एसीत." एसी ऑफिसपुरता होता. शेडमध्ये एक पंखा होता आणि गुंडू होता. गुंडू कुडाळकडचा, चाळिशीचा, हाताने अतिशय सरळ. जाड दगडी करवतीवर तो कोअर उभी अशी कापायचा की दोन्ही निम्मे एकमेकांवर ठेवले तर मधली रेघ दिसू नये. एक निम्मा फळीवर, दुसरा शनिवारच्या पेटीतून विमानाने परदेशातल्या लॅबला. तिथे त्याचा चुरा करून दगडात भोकं किती, तेल मावेल का, ते मोजत. सुरुवातीला गुंडू प्रत्येक दगडाला विचारायला यायचा, "हो दगड पण कापू, सायबानू?" या विचारण्याने शिरीषच्या पत्रलेखनात व्यत्यय यायचा. म्हणून त्याने भिंतीवर मोठ्या अक्षरांत, मराठीत, नियम लिहून लावले होते. आलेला प्रत्येक नमुना उभा कापावा. एक भाग फळीवर, एक भाग शनिवारच्या पेटीत. विचारत बसू नये.

पत्रं तुकुमानच्या बाईंना जायची. तुकुमान हे अर्जेंटिनातलं गाव आणि बाई तिथल्या विद्यापीठातल्या. तो त्यांना मनात बाईच म्हणायचा, शाळेतल्या बाईंना म्हणावं तसं. एका जुन्या अंकात त्यांनी खणून काढलेल्या मानेच्या मणक्यांचे फोटो होते आणि नवव्या मणक्याच्या डाव्या कुशीवर एक आडवा उंचवटा होता. बाईंनी त्याला क्षारांचा थर म्हटलं होतं. शिरीषने चार वर्षांपूर्वी रात्रपाळीच्या माणसाने कंटाळून पत्र लिहावं तसं भरदुपारी पत्र लिहिलं, की थर नव्हे, हाड मोडून जुळलेलं आहे. हा प्राणी मोडक्या मानेने बरीच वर्षं जगला असावा. बाईंनी उत्तर दिलं. त्याने त्याला उत्तर दिलं. एकतीस पत्रं झाली. फोटोत सावली होती, सावलीत दोघंही आपापलं बघत होते. आणि प्रत्येक पत्राखाली सही करताना तो लिहायचा: क्युरेटर, शैलसंग्रह, बहरीन. हे पद बहरीनमध्ये नव्हतं, आणि इतकं नव्हतं की नसल्याचं कुणाच्या लक्षातही येऊ नये. हेमा बँकेतल्या टाइपरायटरवर लंच टाइममध्ये पत्रं टाइप करून द्यायची. पहिल्याच वेळी तिने विचारलं होतं, "क्युरेटर म्हणजे कोण रे?" "दगडांचा हेड." "आणि तू कोण आहेस?" "दगडांचा हेडच की." "मग इनचार्ज लिहू या ना." "इनचार्ज म्हटलं की गोदाम वाटतं." "गोदामच आहे ते, शिरीष," असं म्हणून तिने क्युरेटर टाइप केलं.

उंचवटा त्याला इतक्या लांबून ओळखू आला याचं कारण तो कधी कुणाला सांगत नसे. साताऱ्याला त्याचे वडील शाळेच्या ऑफिसात कारकून होते आणि शेवटची अकरा वर्षं त्यांच्या मानेला पट्टा होता. सायकलवरून पडून काहीतरी मोडलं होतं, ते आपोआप जुळेल असं डॉक्टर म्हणाले होते, आणि जुळलं का हे पुन्हा कुणी बघितलं नाही. हाक मारली की वडील मान वळवायचे नाहीत, एसटी स्टँडवर गाडी वळावी तसे पावलापावलाने सगळेच वळायचे, आणि तोवर हाक मारणारा काय बोलायचं ते विसरलेला असायचा. सांताक्रूझला ते पोचवायला आले तेव्हा गॅलरीतून त्यांना विमान धावपट्टीवर असेपर्यंत दिसलं. सुटलं, वर गेलं, आणि ते शेजारच्या माणसाला विचारत राहिले, "गेलं का हो?" हे हेमाने नंतर लिहून कळवलं होतं, विनोद म्हणून. वडील गेले तेव्हा शिरीषची लीव्ह सँक्शन व्हायला नऊ दिवस लागले, आणि चुलतभावाने अस्थी माहुलीला नदीत सोडून दिल्या होत्या. त्यात मानेचा मणका असेल, जुळलेला किंवा न जुळलेला. तेव्हापासून मोडक्या मानेने एखादा जीव झाडाचा पाला कसा खात असेल हा प्रश्न त्याला भर मीटिंगमध्ये पडायचा. त्याच्या मते, सगळ्या अंगानिशी वळून. झाडाभोवती एक फेरी, दुसरी फेरी, वरची पानं इतरांची.

मे महिन्यात बाईंचं पत्र आलं की मी नवव्या मणक्याचा प्लास्टरचा साचा काढून तुमच्याकडे पाठवते, बोट फिरवून बघा. तुमचं म्हणणं मापांसकट खरं ठरलं तर निबंधात माझ्या नावाशेजारी तुमचं नाव, जुलैअखेर मजकूर छापायला जातो. शिरीषने हे पत्र गाडीत, बाथरूममध्ये आणि एकदा सुपरमार्केटात कांद्यांसमोर उभं राहून वाचलं. पस्तिसाव्या वर्षी माणसाचं नाव कुठे कुठे छापलेलं असतं ते त्याने मोजून पाहिलं होतं. पासपोर्टवर होतं. लग्नपत्रिकेत होतं, चुकलेलं. तिसरी जागा ही असणार होती. मग तो विमानतळावर माल सोडवण्याच्या खिडकीशी चौकशीला गेला. तिथला कारकून सज्जन होता, त्याने छापील फॉर्म पुढे ओढला आणि हाडाचा साचा म्हटल्यावर त्यातलं हाड तेवढं ऐकून जनावरांच्या रकान्यावर बोट ठेवलं. जनावर संसर्गजन्य रोगाने मेलेलं नाही असा पशुवैद्याचा दाखला लागेल. कधी मेलं? सात कोटी वर्षांपूर्वी. कारकुनाने लिहायला घेतलं आणि मान वर न करता विचारलं, "तारीख?" ती नक्की नाही. कशाने मेलं? "तेच बघायचंय," शिरीष म्हणाला. "इंशाल्ला," कारकून म्हणाला आणि फॉर्म परत सरकवला. म्हणून शिरीषने बाईंना कळवलं की पेटीवर हाड, साचा, प्राणी असं काही लिहू नका. कंपनीच्या शेडचा पत्ता घाला आणि 'कोअर नमुना' लिहा, आमच्या संग्रहालयाचा माल तसाच येतो. कंपनीचे दगड कुणी उघडून बघत नसे. ही युक्ती त्याला फार आवडली होती. दोन दिवस तो शिट्टी वाजवत होता.

तर मान मोकळी झालेला शिरीष गाडीत बसला आणि समुद्रातल्या रस्त्याने निघाला. दोन्ही बाजूंना ओहोटीचं पाणी पातळ चहासारखं पसरलं होतं आणि काचेतून खारट, उकडलेला वास आत येत होता. समोरून कंपनीची व्हॅन विमानतळाकडे जाताना दिसली, ड्रायव्हरने हात केला, शिरीषनेही केला, जरा मोठाच केला. सखीरला पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटला होता. शेडमध्ये करवत बंद होती आणि गुंडू पाइपने पाणी मारत होता. फरशीवरून राखाडी गाळ वाहत होता. कोपऱ्यात उघडलेली पेटी, तिच्यातला पेंढा नीट एका बाजूला रचलेला, आणि टेबलावर, पुसून, पालथा नव्हे तर कापलेली बाजू वर करून, एक निम्मा.

"हे काय?"

"अर्जेंट नमुनो," गुंडू म्हणाला. त्याला पेटीवरचा देश तसा वाचता आला होता की काय, कोण जाणे. "लय वाकडो दगड हो, सायबानू. असो दगड मिया आजवर बघूक नाय. दोन दोनदा फिरवूचो लागलो. पण बघा तरी. केस घाला मधी, जावचो नाय."

"कापलास?"

"उभो," गुंडू म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा बघून जरा हळू, "नियमच तसो लिवलास ना तुमी."

"मला विचारायचं नाहीस?"

गुंडूने पाइप खाली ठेवला, हात चड्डीला पुसले आणि भिंतीकडे बघितलं. शिरीषनेही बघितलं. अक्षर चांगलं होतं. त्याचंच होतं.

"हाडाचा साचा आहे तो, गुंडू."

"हाड?" गुंडू टेबलाशी आला, वाकला, आणि प्रामाणिकपणे हुंगला. "नाय हो. हाडाक वास येता."

शिरीषही वाकला आणि तिथेच राहिला. ओल्या कापावर आतला सगळा मणका उघडा पडला होता. हाडाची भिंत जिलबीच्या कडेसारखी पातळ आणि आत पोकळ्याच पोकळ्या, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या, लहान, मोठ्या, काही लाल वाळूने भरलेल्या, काही नुसत्या. इतकी लांब मान उचलायची तर हाडात हवाच हवी, हे त्याने तीन वर्षं पुस्तकात वाचलं होतं. आणि या पोकळ्यांच्या मधून, डाव्या कुशीपासून आत बोटभर खोल, एक आडवी पांढरट रेघ गेली होती. तिच्या दोन्ही बाजूंना हाड घट्ट, पोकळीशिवाय, वेडंवाकडं साचलं होतं. घाईघाईने भिंत लिंपावी तसं, आतून, वर्षानुवर्षं. वरचा तुकडा खालच्यावर सरळ बसलेला नव्हता. सरकून, तिरका, तसाच धरला गेला होता. मोडलं होतं. जुळलं होतं. वर उचलता येणार नाही असं जुळलं होतं. बाहेरून शंभर वर्षं बोट फिरवलं असतं तरी हे कळलं नसतं, हे कापल्याशिवाय दिसणारच नव्हतं. तो बरोबर होता. चार वर्षं, एकतीस पत्रं, आणि साताऱ्याची ती अकरा वर्षं धरून तो बरोबर होता; आणि प्लास्टरच्या साच्याला आतून पोकळ्या नसतात हे त्याला त्यानंतर, सावकाश कळलं.

"चिठी होती मधी," गुंडू म्हणाला. "इंग्रजी होती म्हणान मिया वाचूक नाय. सुकी ठेवलंय."

बाईंनी लिहिलं होतं की साच्यासाठी प्लास्टर मिळालं नाही, आता इथे बरंच काही मिळत नाही. विभाग बंद करण्याचं ठरलं आहे, खोल्यांना कधी कुलूप पडेल सांगता येत नाही आणि पेट्यांचं काय करतील तेही. म्हणून मूळ मणकाच पाठवते आहे. असं कुणी करत नाही हे मला माहीत आहे. पण तुम्ही संग्रहालयाचे क्युरेटर आहात, आणि चार वर्षांत या एका हाडाची माझ्याइतकी काळजी तुमच्याखेरीज दुसऱ्या कुणी केलेली नाही. तुमच्याकडे ते सुरक्षित राहील.

दुसरा निम्मा कुठे आहे हे त्याने विचारलं नाही, कारण त्याला तो दिसला होता. व्हॅनमध्ये. त्याला त्याने हात केला होता. ऑफिसात फोन होता, विमानतळाचा नंबर भिंतीवर होता, विमान साडेबाराला होतं आणि आता पावणेनऊ झाले होते. शिरीषने फोन उचलला. रिसीव्हरला त्याच्याच कानाच्या घामाचा, आदल्या आठवड्याचा, शिळा वास होता. पेटी थांबवा म्हणायचं. कोण बोलतंय? कोअर शेड. का थांबवायची? आता इथे एकेक शब्द एकेका पायरीसारखा खाली जात होता. आत चुकून दुसरा माल आहे. कुणाचा माल? माझा. तुमचा माल कंपनीच्या नावावर कसा आला? हाड आहे का? दाखला आहे का? मग खिडकीतल्या त्या सज्जन कारकुनाला तो आठवेल, तारीख विचारली होती तोच हा. मग पर्सोनेल, मग व्हिसा, मग हेमाची बँक, मग सातारा. डायल टोन सुरूच होता, एकसुरी, एखाद्या फार मोठ्या प्राण्याने झोपेत घोरावं तसा. आणि दारातून विवेक आत आला, हातात गाडीची किल्ली फिरवत.

"काय रे खट्या, दाढीबिढी? कुठे बायको बघायला चाललायस काय?"

शिरीषने फोन ठेवला. इतकंच. आपण ज्याला निर्णय म्हणतो तो एवढासाच होता, प्लास्टिकचा, काळा, आणि खाली ठेवताना आतली घंटा एकदा किणकिणली. "कुणाला लावत होतास?" "राँग नंबर," तो म्हणाला. "लावलेला राँग नंबर?" विवेक हसला. टेबलावरच्या निम्म्याकडे त्याने पाहिलं. "हे काय आहे, पाव?" "नमुना आहे." "कुठला?" "बघतोय अजून." "बघ, बघ," विवेक म्हणाला. "तुला काय, तुझे दगड पळून जात नाहीत." साडेबाराला शेडवरून एक विमान गेलं. त्याने वर बघितलं नाही, आणि बघितलं नाही हे त्याच्या मानेला कळलं.

तीन आठवड्यांनी लॅबचा रिपोर्ट आला, आणि घेऊन विवेकच आला, जीपचं दार उघडं टाकून. गुंडूने नेहमीप्रमाणे नमुन्याला खोली लिहिली होती. खोली कुठे लिहिलेली नव्हती म्हणून त्याने मणक्यावर काळ्या शाईने रंगवलेला बाईंचा नोंदणी क्रमांक घेतला, तेवीसशे नऊ, आणि पुढे 'फूट' असं लिहिलं. विहीर म्हणून त्याने चालू विहीर लिहिली, कारण त्या आठवड्यात दुसरं काही आलंच नव्हतं. लॅबने निम्म्याचा चुरा केला होता आणि कळवलं होतं की या खडकात बेचाळीस टक्के पोकळ्या आहेत, असा खडक आमच्या पाहण्यात नाही, आणखी असल्यास पाठवा.

"बेचाळीस!" विवेक म्हणाला. "अरे स्पंज आहे हा स्पंज! वीस निघाले तर इथे पार्टी करतात. आणि तू 'बघतोय अजून' म्हणत बसलायस. तेवीसशे नऊ, बरोबर ना?"

"विवेक, तो नमुना..."

"बोल."

शिरीषने तोंड उघडलं. पंखा फिरत होता. विवेकच्या चेहऱ्यावर पुण्याच्या प्रयोगशाळेतला एक वीस वर्षांचा मुलगा आला होता, पहिला शिंपला सापडलेला. ते दोघं तेव्हा एकाच हातोड्याने दगड फोडायचे. "तो नमुना चिकट होता," शिरीष म्हणाला. याला काही अर्थ नव्हता, पण विवेकने ते वहीत लिहून घेतलं.

कंपनीने पाव मैलावर नवी विहीर घेतली. तेवीसशे चार फुटांपासून कोअर काढली, दहा फूट, तेवीसशे नऊ मधोमध. शेडमध्ये ती आली तेव्हा विवेक, मोठे साहेब आणि आणखी दोघे गुंडूभोवती उभे राहिले आणि गुंडूने ती उभी, सरळ, सुंदर कापली. आत चुनखडी होती, आंधळी, साबणाच्या वडीसारखी. पोकळी एकही नाही. मग मोठे साहेब म्हणाले की खडक पाव मैलात बदलू शकतो, आणि अशी जोखीम घेणारी माणसं कंपनीला हवी आहेत. विवेकला बढती मिळाली. शेडलाही सुव्यवस्थेबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं, त्यावर नाव शेडचं होतं. विहीर सिमेंटने बुजवून वर लोखंडी टोपी बसवली, ती अजून आहे. उंट तिला अंग घासतात. इतक्या सगळ्या लोकांनी त्या प्राण्याला इतक्या खोल शोधावं आणि तो मात्र वर, फळीवर, निम्मा बसलेला असावा, यावर शिरीषला एकट्याला हसू येऊ शकलं असतं. आलं नाही.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात त्याने हेमाला मजकूर दिला. पेटी आजतागायत पोचलेली नाही. पुराव्याअभावी माझं म्हणणं मी मागे घेतो. निबंधातून माझं नाव कृपया वगळावं. हेमाने स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं, गॅस बारीक केला.

"पेटी आली होती ना? इस्त्रीचा शर्ट घालून गेला होतास."

"मफी," तो म्हणाला. हा शब्द त्याला इथे येऊन मिळाला होता, नाही या अर्थाचा, आणि आपल्या भाषेतल्या नाहीपेक्षा तो कमी लागायचा.

"शिरीष, माझ्याशी अरबी बोलू नकोस. आली होती की नाही?"

"निम्मी आली."

मग ओला हात पदराला पुसून तिने कागदाची नीट घडी केली. "चार वर्षं बँकेच्या टाइपरायटरवर तुझं क्युरेटर टाइप करतेय मी. एकदा म्हटलं का, खोटं आहे म्हणून? हेही करते. खाली क्युरेटरच ठेवू ना?"

"ठेव," तो म्हणाला. आता बदललं तर त्यांना संशय येईल, असं त्याला खरोखरच वाटलं.

बाईंचं उत्तर सप्टेंबरात आलं, घरच्या पत्त्यावरून. त्या विमान कंपनीत जाऊन आल्या होत्या, वाटेतल्या प्रत्येक विमानतळाला त्यांनी पत्र टाकलं होतं, आणि त्या त्याची क्षमा मागत होत्या. मूळ हाड पाठवायला नको होतं, तुमच्या चार वर्षांच्या मेहनतीचं मी नुकसान केलं, असं लिहिलं होतं. त्याने उत्तर लिहायला घेतलं, अकरा वेळा घेतलं. मग त्यांचीही पत्रं थांबली, का ते कळायला मार्ग नव्हता. पुढच्या वर्षी टपालाने नुसता निबंध आला, सोबत चिठ्ठी नव्हती. मणका नऊ, इथे तळटीप: लेखिकेच्या निष्काळजीपणामुळे वाटेत गहाळ, कुशीवरचा उंचवटा क्षारांचा थर असावा. शिरीषने ते शेडमध्ये, पंख्याखाली, दोनदा वाचलं. तळटीप बारीक टायपात होती आणि ती वाचायला त्याला खाली वाकावं लागलं. मग त्याने शिडी लावून तेवीसशे नऊची पेटी उतरवली, कोरड्या कापावरून बोट फिरवलं, त्या रेघेपाशी थांबला, आणि कंपनीचा छापील अर्ज पुढे ओढून त्यावर मराठीत लिहू लागला, भिंतीवरच्याच त्या चांगल्या अक्षरात. गुंडू चहा घेऊन आला, उभा राहिला आणि नियम मोडून त्याने विचारलं, "कोणाक लिवतास, सायबानू?" "क्युरेटरसाहेबांना," शिरीष म्हणाला. "ते खय असतत?" शिरीषने मान वर केली नाही. "हा अर्ज पेटीतच ठेव," तो म्हणाला, "लिहून झालं की. आणि फळीवर जिथल्या तिथे."

प्रति,
मा. क्युरेटर,
शैलसंग्रह, बहरीन.

विषय: नमुना क्र. २३०९ पूर्ववत करून मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदर नमुना हा एका प्राण्याच्या मानेचा नववा मणका असून तो आपल्या संग्रहात सुरक्षित राहील अशा लेखी विश्वासाने पाठविण्यात आला होता. नमुन्याचा एक निम्मा अर्जदाराच्या ताब्यात आहे. दुसऱ्या निम्म्याची भुकटी झाली असल्यास ती आहे त्या स्थितीत परत मागवून पहिल्यास जोडून देण्यात यावी. सदर प्राण्याचे हाड मोडले होते व ते त्याने कोणाचीही मदत न घेता स्वतः जुळविले होते, याची नोंद तुकुमान येथील बाईंना त्यांच्या सध्याच्या पत्त्यावर, तो आपणांस मिळाल्यास, कळविण्यात यावी, व गहाळपणाचा शेरा त्यांच्या नावावरून काढून ज्याचा त्याच्या नावावर घालण्यात यावा. तसेच साताऱ्याच्या एका मयत कारकुनाचे हाड जुळले होते किंवा कसे, याची चौकशी सवडीने व्हावी. जोडकाम पूर्ण झाल्यावर सदर नमुना दिनांक १० जून १९७८ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास कापण्यात आलेला नव्हता असे समजण्यात येऊन तशा आशयाचा दाखला आपल्या सहीशिक्क्यानिशी अर्जदारास मिळावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
इनचार्ज, कोअर शेड